कणगीत ठेवलेली ठिणगी

इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो पावसाळाभर भाताच्या कणगीत ठेवायचा असतो, हे मी एकदा मुंबईच्या एका शिकलेल्या इंजिनियरसाहेबांना सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मी म्हटलं, हसा. तुम्ही दासगावच्या बंदरावर श्रावण काढलेला नाही. आमच्याकडे त्या दिवसांत मीठ मडक्यातून आपोआप पाझरायला लागतं, आगपेटीतली काडी मोडते पण पेटत नाही, आणि खुंटीवरच्या कोटाला आठ दिवसांत हिरवी बुरशी येते. कोरडी जागा घरात एकच, भाताची कणगी. मग ठिणगी ठेवायची कुठे?

या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा मी घरात म्हटलं, आयुष्यभर लोकांची झोपलेली इंजिनं उठवली, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? आमची ही म्हणाली, झोपेत दासगावचं बडबडता, ते तरी लिहा. ते खरं आहे. मी अजून झोपेत दासगावला जातो. पहाटेची खाडी, पाण्यावर हातभर उंच धुकं, पलीकडचा डोंगर अर्धा पुसलेला आणि काठाच्या चिखलात जराशी कलून उभी असलेली आमची लाँच. मी हॅण्डल फिरवतो, फिरवतो, आणि ती काही उठत नाही. मागे कोणीतरी गाठोडं घेऊन बसलेलं आहे हे मला ठाऊक असतं, पण मान वळवून बघायचा धीर होत नाही. मग जाग येते.

मी महाडच्या तांबटाच्या घरातला. माझगावच्या एका वर्कशॉपात काही वर्षं काढली आणि एकोणीसशे तिसाच्या आसपास परत गावी आलो. महाडला दोन भाताच्या गिरण्या, पोलादपूरला एक आणि दासगावची ती लाँच, एवढं माझं राज्य. पण राजा तो राजाच. इंजिन बंद पडलं की खोत असो नाहीतर मामलेदार, "मिस्त्री, बघा की जरा" म्हणून समोर उभा. मला त्याचा थोडा माज होता. आता कबूल करायला हरकत नाही.

परक्या माणसाला सांगायचं तर हा धंदा अगदी सोपा आहे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. तेल, हवा आणि ठिणगी. तेल टाकीतून येतं, हवा बाहेरून येते, आणि ठिणगी देतो मॅग्नेटो. हा नारळाएवढा लोखंडी ठोकळा, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. फिरवला की वीज उठते. हे तिन्ही जागेवर असलं की इंजिन चालतंच, नसलं तर नाही. मिस्त्रीचं काम एवढंच की तिघांतला कोण रुसलाय ते शोधायचं. आणि खरी गोम इथे आहे. मिस्त्रीने मनात आधीच एकाला चोर ठरवलं, की बाकीचे दोघं समोर नाचले तरी त्याला दिसत नाहीत.

पोलादपूरच्या गिरणीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात तिथे भरडायला काही नसे, म्हणून गिरणी चार महिने बंद. दसऱ्याला मालकांनी पूजा केली, हॅण्डल मारलं, इंजिन ढिम्म. कोणी म्हणालं करणी केलीय, कोणी म्हणालं कोंबडं द्या. मला निरोप आला. मी चालत पोलादपूर गाठलं, तर इंजिनाला हार घातलेला, कपाळाला हळद-कुंकू, पुढे नारळ फोडलेला. मी हवेची नळी उघडली. आत कुंभारीण माशीने मातीची अशी सुबक घरं बांधली होती की मोडताना वाईट वाटलं. ती खरवडून काढली आणि पहिल्या फिरकीला इंजिन उठलं. मालकांच्या तोंडावर मी म्हटलं, "अहो, तुमच्या नाकात कोणी मातीचा बोळा घातला तर तुम्ही उठाल का?" सगळी आळी हसली. ते वाक्य मी पुढे वर्षभर जिथे तिथे सांगत फिरलो. ते माझ्यावरच उलटणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आता दासगाव. तिथून बाणकोटपर्यंत सावित्रीच्या खाडीतून लाँच जायची, आणि बाणकोटला मुंबईची आगबोट मिळायची. पावसाळ्यात समुद्र खवळला की आगबोटी बंद, म्हणून लाँचही बंद. वैशाखातल्या उधाणाच्या भरतीला आम्ही तिला काठावर ओढून घ्यायचो, वर गवताचं आणि झावळ्यांचं छप्पर घालायचो. मग माझं काम सुरू. इंजिनातलं पाणी काढायचं, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, जिथे जिथे भोक आहे तिथे काथ्याचा बोळा कोंबायचा, नाहीतर उंदीर आणि खेकडे संसार थाटतात. शेवटी मॅग्नेटो सोडवायचा आणि भागीवयनीच्या हाती द्यायचा.

भागीवयनी म्हणजे आमच्या लाँचच्या तांडेलाची, पांडूदादाची बायको. तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा, पाण्यावरचा कारभारी. पांडूदादा बोलायचा कमी, आणि वयनी त्याच्या वाटचंही बोलायची. मॅग्नेटो तिने पहिल्या वर्षी हातात घेतला तो तान्हं मूल घ्यावं तसा. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि कणगीतल्या भातात कोपरभर खोल पुरला. तिला त्या वस्तूचं भारी कौतुक. मी तिला एकदा गंमत म्हणून दाखवलं होतं की तारेच्या टोकाला बोट लावून मॅग्नेटो फिरवला तर झटका बसतो. झटका बसल्यावर ती ओरडली नाही. बोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जितं हाय की हे." तेव्हापासून दर अमावास्येला ती तो बाहेर काढायची, बोट लावून फिरवायची, आणि जिवंत आहे याची खात्री करून परत पुरायची. हे मला पांडूदादाने सांगितलं तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो.

मला सांगायचंय त्या वर्षी श्रावणात सावित्रीला मोठा पूर आला. दासगावच्या खालच्या वाडीत घरांतून गुडघ्याच्या वर पाणी. मी महाडला अडकलो होतो, तिथेही बाजारातून होड्या चालल्या होत्या. पाणी ओसरल्यावर कळलं की पांडूदादाची कणगी खालून भिजली आणि अर्ध्या भाताला मोड आले. मी मनात म्हटलं, गेला मॅग्नेटो. पुढे महिनाभर तेच डोक्यात घेऊन बसलो. विचारायला गेलो नाही. चोर ठरला होता.

भाद्रपद संपता संपता निरोप आला की पहिली आगबोट बाणकोटला लागणार आहे. आणि त्या पहिल्या फेरीला वयनीला जायचं होतं. तिची एकुलती एक मुलगी सोनी, मुंबईला कापडगिरणीतल्या माणसाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दिवस भरत आले ते नेमके पावसाळ्यात. आगबोटी बंद, रस्त्यावरच्या नद्यांना पूल नाहीत, पोटुशी पोर आणायची कशी? म्हणून आईनेच जायचं ठरलं. त्या दिवसांत आमच्याकडे आगबोट आठवड्यातून एकदाच यायची. ही चुकली तर पुढच्या आठवड्यात, आणि सोनी तोवर थांबणार नव्हती.

मी पहाटे दासगावला पोचलो तेव्हा लाँच पाण्यात उतरवलेली होती. धुकं इतकं की लाँचचा पुढचा भाग दिसत होता आणि मागचा नव्हता. ओहोटी नुकतीच लागली होती. पाणी अगदी आवाज न करता समुद्राकडे निघालं होतं, त्यावर एक वाळकं पान हळूहळू फिरत चाललं होतं, आणि मला वाटलं होतं, काय सुंदर सकाळ आहे. वयनी मागच्या बाजूला काठावर गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यात डिंकाचे लाडू, बाळंतविडा, जुन्या लुगड्यांची बाळोती. उतारू पंधरा-वीस. मॅग्नेटो तिने आधीच आणून फळीवर ठेवला होता.

मी तो बसवला आणि हॅण्डल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. ठिणगी उडते तो प्लग काढून, लोखंडावर टेकवून, हॅण्डल फिरवून बघितला. एव्हाना धुक्यातून तिरकं ऊन नेमकं इंजिनावर आलं होतं, त्यात ठिणगी काही दिसेना. दिसणारच नव्हती, उन्हात ती दिसत नाही हे पोरसवदा मिस्त्रीलाही कळतं. पण मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं.

पांडूदादा हळूच म्हणाला, वयनीला होडीने नेतो, चार वल्ही लावली आणि ही ओहोटी धरली तर दुपारच्या आत बाणकोट. मला ते लागलं. माझं इंजिन असताना वल्ही? मी म्हटलं, "अर्धा तास द्या दादा. अर्ध्या तासात उठवतो." तो माझ्यावर विसंबला. माणसं माझ्यावर विसंबायची, हेच तर माझं राज्य होतं.

मी मॅग्नेटो सोडवला आणि उघडला. आणि उघडता उघडता, सगळे उतारू ऐकत असताना, मी वयनीला बोललो. "चार महिने एक वस्तू सांभाळायला दिली, तीही पाण्यात घातलीत."

वयनी उठून जवळ आली. पाणी घरात शिरायच्या आधीच तिने तो काढला होता, डोक्यावर घेऊन वरच्या देवळात नेला होता आणि दोन दिवस मांडीवर घेऊन बसली होती, असं तिने सांगितलं. म्हणून तर कणगीतलं भात वर काढायला हात मोकळे राहिले नाहीत, आणि ते भिजलं. हे सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "भावजी, नाय भिजलं ते. बोट लावून बघा."

माझगावला माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच. दिवे नको, यंत्रं नको, बोट लाव. बोट कधी फसवत नाही. पण ते मला बाईमाणूस शिकवणार? मी म्हटलं, "वयनी, हे बोट लावून कळायचं काम नाही." ती परत जाऊन गाठोड्याशी बसली.

मग मी शेगडी मागवली. तारेचं वेटोळं धगीवर शेकलं, फडक्याने पुसलं, पुन्हा शेकलं. अर्ध्या तासाचे दोन तास झाले आणि दोनाचे चार. धुकं विरलं, डोंगर पुरता दिसायला लागला. पाणी उतरत उतरत दगडांपर्यंत गेलं, चिखलात बगळे येऊन उभे राहिले. मॅग्नेटो परत बसवला, हॅण्डल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. माझ्या तळहाताला फोड आले होते. पांडूदादा होडीकडे बघत होता, पण आता होडीचाही उपयोग नव्हता. ओहोटी सरली होती.

तेवढ्यात मागून वयनीचा आवाज आला. "भावजी, दर साली ह्या नळीतना आधी धूर येतो. आज नाय आला."

मी मागे गेलो. लाँचच्या कडेला इंजिनाच्या धुराची नळी बाहेर निघते. त्या नळीच्या तोंडात, आत वीतभर, काथ्याचा बोळा होता. मीच वैशाखात कोंबलेला. घट्ट, सुबक, कारागिराच्या हातचा. इंजिनाने पहिला श्वास घेतला की तो सोडायला जागाच नव्हती. मी बोळा ओढून काढला आणि मुठीत धरून उभा राहिलो. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

पहिल्या फिरकीला इंजिन उठलं. आम्ही निघालो. भरती लागलेली, पाणी उलटं, लाँच पाण्याला रेटत रेटत चाललेली. दोन्ही काठांची भातं पोटरीला आली होती, वाऱ्याने त्यांच्यावरून रेघा उठत होत्या. इंजिन एका सुरात चाललं होतं. इतकं गोड चालणारं इंजिन मी आयुष्यात ऐकलं नाही, आणि इतकं नकोसंही मला कधी झालं नाही. मी वयनीकडे बघत नव्हतो. माफी मागायचे शब्द वाटेतल्या आंबेतपर्यंत जुळवले आणि पुढे गिळून टाकले.

बाणकोटच्या तोंडाशी आलो तेव्हा आगबोट निघून गेलेली होती. लांब समुद्रावर धुराची एक रेघ होती, ती बघता बघता पातळ झाली. वयनी रेघ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. बाणकोटला तिची मावसबहीण होती, तिच्याकडे पुढच्या आगबोटीपर्यंत राहायचं ठरलं. गाठोडं डोक्यावर घेऊन ती उतरली, चार पावलं गेली आणि वळून मला म्हणाली, "परत जाताना ते येंत्र झाकून न्या. खारी हवा हाय."

सोनी तिसऱ्या दिवशी बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. चाळीतल्या शेजारणींनी सगळं नीट केलं. हे मला पांडूदादाने सांगितलं, आणि आणखी एक सांगितलं. कळा येत होत्या तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं की सोनी विचारायची, आय आली काय? ते त्याने सांगायला नको होतं. पण तो खरा माणूस, विचारलं तर सांगायचाच.

पुढच्या वैशाखात मी लाँच बंद करायला गेलो, तेव्हा वयनी काठावर येऊन उभी राहिली. मॅग्नेटो घ्यायला आली असेल, असं मला वाटलं. तिने कमरेला खोचलेली एक लाल चिंधी काढली, लुगड्याच्या काठाची, चांगली लांब. म्हणाली, कुठं कुठं बोळे कोंबताय ते मला दाखवा. मी दाखवले. तिने चिंधीचं एक टोक धुराच्या नळीतल्या बोळ्याला बांधायला लावलं आणि दुसरं टोक पार आतपर्यंत आणून हॅण्डलला. बोळा काढल्याशिवाय हॅण्डल फिरणारच नाही. मी म्हटलं, हे भारी काढलंत. ती म्हणाली, माणसाच्या ध्यानावर कशाला सोडा? बस्स, तेवढंच. मॅग्नेटो धडप्यात गुंडाळला आणि घेऊन गेली. तेव्हापासून ज्या ज्या इंजिनात मी बोळा कोंबला त्या प्रत्येकाला लाल चिंधी बांधली. महाडच्या गिरण्यांत अजून बांधतात. कशासाठी ते कोणाला ठाऊक नाही, इंजिनाला दृष्ट लागू नये म्हणून असावी असं सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

सोनीच्या दुसऱ्या खेपेला वयनीने तिला होळीलाच माहेरी आणून ठेवलं. मला ऐकू जाईल अशा बेताने पांडूदादाला म्हणाली, "ह्या वक्ताला येंत्राचा भरवसा नको." मी ऐकलं आणि प्लग पुसत बसलो.

मग रस्ते सुधारले, नद्यांवर पूल झाले, सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या. उतारू तिकडे वळले. एका वैशाखात आम्ही लाँच नेहमीसारखी काठावर ओढली, बोळे कोंबले, चिंधी बांधली, आणि त्या वर्षीच्या दसऱ्याला तिला कोणी खाली उतरवलंच नाही. पुढच्याही नाही. पुढे लाँचच्या मालकांनी इंजिन भंगारात दिलं. सांगाडा चिखलात रुतत गेला. पांडूदादा वारला. मी महाडला मोटारींची कामं करू लागलो आणि दासगावला जायचं कारण राहिलं नाही.

कारण नव्हतं म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. बरीच वर्षं सांगितलं. शेवटी एका श्रावणात, पावसाची उघडीप बघून, गेलो. त्या सकाळबद्दल वयनीपाशी एकदा बोलायचं, एवढंच ठरवून गेलो. वयनी थकली होती, केस पांढरे, पण आवाज तोच. पडवीत बसवलं, गुळाचा चहा दिला. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "वयनी, त्या वेळी मी..."

तिने हात वर केला. उठली, आत गेली. कणगीत हात घातल्याचा, भात सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती धडप्यात गुंडाळलेला मॅग्नेटो घेऊन. इंजिन भंगारात गेलं, लाँच मातीत गेली, आणि हा इतकी वर्षं भातात. एक डाग नाही, गंज नाही. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

"आधी बोट लावा," ती म्हणाली.

मी तारेच्या टोकाला बोट लावलं आणि दुसऱ्या हाताने फिरवला. झटका कोपरापर्यंत आला. डोळ्यांत पाणी आलं, ते झटक्यानेच आलं असं म्हणायची सोय होती, पण मी तसं म्हणालो नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"भिजलं व्हतं?"

"नाय वयनी," मी म्हटलं. "नव्हतं भिजलं."

तिने मान हलवली. मॅग्नेटो परत धडप्यात गुंडाळला, आत नेला आणि भातात कोपरभर खोल पुरून ठेवला.